कोंबड्यांना खुराड्यात झोपायची सवय लावताना आलेला माझा अनुभव

नऊ तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्या, आणल्या होत्या, साधारण साडेतीन महिन्यांच्या, आणि दुसऱ्याच दिवशी मोकळ्या सोडल्या. कोंबड्या अंधार पडायला लागला की आपोआप घरी येतात असं ऐकलेलं. येतात हो, पण घर कुठलं हे आधी त्यांना कळायला तर पाहिजे ना. दिवस मावळायला लागला तशा सगळ्या अंगणातल्या झाडाखाली जमल्या, माना वर करून फांद्या बघत राहिल्या आणि एकेक करत उडून वर जाऊन बसल्या. तीन रात्री तसंच चाललं. चौथ्या दिवशी सकाळी मोजल्या तर आठ, आणि झाडाखाली पिसं पडलेली, बोक्याने नेली. ती पिसं गोळा करताना फार वाईट वाटलं, कारण चूक तिची नव्हती, माझी होती.

मग आठ दिवस सगळ्यांना आतच ठेवलं. दाणापाणी आत, झोप आत. खुराडं मोठं आहे म्हणून जमलं, छोटं असेल तर त्याला जोडून जाळीचं बंदिस्त अंगण पाहिजेच, नाहीतर एकमेकींची पिसं उपटायला लागतात. नवव्या दिवसापासून फक्त मावळायच्या आधी एक तास दार उघडायचे आणि संध्याकाळचे दाणे बाहेर अजिबात टाकायचे नाही, ते आतच. डब्यात मका खुळखुळवला की पाच जणी पळत यायच्या. तिघी मात्र परत झाडावर!

त्या तिघींच्या मागे संध्याकाळी काठी घेऊन पळू नका हे मी कळकळीने सांगेन. मी दोन दिवस पळून बघितलं, त्या अजून बिथरल्या आणि खुराड्याच्या दाराजवळ यायलाच घाबरायला लागल्या. पूर्ण अंधार होईपर्यंत थांबायचं. कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही, त्यामुळे ती शांत बसते, मंद बॅटरी घेऊन जायचं, दोन्ही पंख अंगाशी धरून उचलायचं, छातीखाली तळहात द्यायचा. हाताला तिचं काळीज धडधडताना लागतं, मग हळूहळू ते निवतं. आणि आत नेऊन जमिनीवर नाही ठेवायचं, झोपायला लावलेल्या आडव्या दांडीवरच बसवायचं, पायांची पकड बसली की मग हात सोडायचा. अकरा रात्री रोज हे केलं. दोघी सुधारल्या, काळी काही ऐकेना.

एकदा संध्याकाळी सहज तिच्या उंचीला वाकून दारातून आत बघितलं तर डोक्यात प्रकाश पडला. बाहेर अजून चांगलं उजेडाचं होतं आणि आत मिट्ट काळोख. जिला अंधारात दिसत नाही ती अशा भोकात कशाला शिरेल? दाराच्या समोरच्या टोकाला एक छोटा पिवळा बल्ब लावला, मावळायच्या अर्धा तास आधी चालू करायचा. तिसऱ्या दिवशी काळी स्वतःहून आत आली. फक्त बल्ब सगळ्या दांडीवर चढल्यावरच बंद करायचा, एकदा लवकर केला तर दोघी रात्रभर खालीच बसून राहिल्या.

आत यायला लागल्या तर पुढचं, दोघी अंडी घालायच्या खोक्यात झोपायला लागल्या. रात्रभर त्यातच घाण करतात, म्हणजे पुढे अंडी पण घाणीत. कारण असं निघालं की माझी दांडी खोक्यांपेक्षा खाली होती आणि कोंबडीला झोपायला सगळ्यात उंच जागा लागते. दांडी खोक्यांच्या वर घेतली, गोल गुळगुळीत पाइप होता तो काढून सात-आठ सेंटीमीटर रुंदीची चपटी लाकडी पट्टी टाकली, कडा घासून घेतल्या. एकीला वीस ते पंचवीस सेंटीमीटर जागा धरली, कमी पडली की दांडगी कोंबडी दुबळीला टोचून खाली पाडते. काही दिवस संध्याकाळी खोक्यांच्या तोंडाला पुठ्ठा लावायचे आणि सकाळी काढायचे.

सगळं दोन महिने सुरळीत चाललं आणि मग एका आठवड्यात आठही जणी दाराशी येऊन थांबायला लागल्या, आत जाईनात. यावेळी मी त्यांना जबरदस्ती केली नाही. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद फिरवला, कागदावर लाल रेघ उमटली. रक्त प्यायलेल्या माइट, म्हणजे कोंबडीचं रक्त पिणारे बारीक किडे! दिवसा फटीत लपतात, रात्री झोपलेल्या कोंबडीवर चढतात, म्हणून दिवसा कितीही बघितलं तरी काही सापडत नव्हतं. दांड्या काढून उकळत्या पाण्याने धुतल्या, फटी खरवडल्या, सगळा भुसा बदलला, जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यांनी सांगितलं तसं दोनदा मारलं, कारण माइटच्या राहिलेल्या अंड्यांतून नवीन निघतात. दुसऱ्या फवारणीनंतर चौथ्या दिवशी परत सगळ्या आत.

आता अंधार पडला की दार लावायच्या आधी रोज मोजते. काळी अजून सगळ्यात शेवटी येते, उंबऱ्यावर क्षणभर थांबते, आत सगळं बघून घेते आणि मगच चढते. तिची ती पाहणी होईपर्यंत मी दार धरून उभी असते.