ओळखा पाहू! न्यूयॉर्क आणि शिकागो

निघण्याआधीच घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खेळ ठरला होता. मी रोज दोन-तीन फोटो टाकायचे, खाली नाव-गाव काही लिहायचं नाही, आणि जो आधी ओळखेल त्याला येताना चॉकलेटचा एक डबा जास्त. न्यूयॉर्कच्या चार दिवसांत मी सात डबे हरलो. शिकागोच्या चार दिवसांत एकही नाही.

एम्पायर स्टेटचं नुसतं टोक ढगातून डोकावत होतं, तरी साताऱ्याच्या मावशीनं मिनिटाच्या आत नाव टाकलं. मावशीचा पासपोर्टसुद्धा नाही. उलट शिकागोतून विलिस टॉवर पाठवला, जी जवळपास पंचवीस वर्षं जगातली सर्वांत उंच इमारत होती, तर काकांचं उत्तर, "दुबई का?"

गंमत सोडली तर यात जाणाऱ्यांच्या कामाची एक गोष्ट आहे. न्यूयॉर्क आपण घरबसल्या इतकं पाहिलेलं असतं की तिथे जवळ जाऊन फार काही हाती लागत नाही. लांबून, नीट जागा धरून बघावं. शिकागो लांबून बघितलं तर कुठल्याही मोठ्या शहरासारखं दिसतं. तिथे जवळ जायचं आणि कुणीतरी सांगणारा सोबत घ्यायचा. हे मला उलट क्रमानं कळलं, म्हणून लिहितो.

एम्पायर स्टेटवर (१९३१, १०२ मजले) चढायला आम्ही भरपूर पैसे मोजले. वर गेल्यावर आई म्हणाली, "सगळं दिसतंय, पण ती इमारत कुठंय?" बरोबरच होतं, आम्ही तिच्याच डोक्यावर उभे होतो. तुम्ही तो पैसा रॉकफेलर सेंटरच्या टॉप ऑफ द रॉकवर खर्च करा. सत्तराव्या मजल्यावरून दक्षिणेला एम्पायर स्टेट समोर उभी असते. सूर्यास्ताच्या वेळेला जादा पैसे पडतात. त्याआधीचं तिकीट काढून वर रेंगाळलं तरी कुणी हाकलत नाही.

स्वातंत्र्यदेवीसाठी स्टेटन आयलंडची केशरी फेरी. फुकट, दिवसरात्र चालू, एका बाजूनं सुमारे २५ मिनिटं. जाताना उजवीकडच्या कठड्याला उभं राहायचं, येताना डावीकडे. पलीकडे पोहोचल्यावर सगळ्यांना खाली उतरवतात. वळसा घालून पुन्हा रांगेत लागायचं. धक्क्याबाहेर गळ्यात पाटी अडकवलेली माणसं या फुकट बोटीचंही 'तिकीट' विकायला येतात. आम्हाला एकानं जवळजवळ गाठलंच होतं, आईला पुण्यातल्या रिक्षावाल्यांचा अनुभव असल्यानं वाचलो. मुकुटापर्यंत चढायचं असेल तर मात्र अधिकृत बोट, काही महिने आधी आरक्षण आणि १६२ अरुंद पायऱ्यांची तयारी हवी.

ब्रुकलिन ब्रिज ब्रुकलिनकडून मॅनहॅटनकडे चालावा, म्हणजे इमारती समोर राहतात. मान वळवत चालावं लागत नाही. शक्यतो सकाळी आठच्या आत. आणि इथेच मी ग्रुपला एकदा फसवलं. डम्बो भागात वॉशिंग्टन स्ट्रीटवर लाल विटांच्या इमारतींमधून पुलाचा निळसर मनोरा दिसतो, त्याच्या कमानीतून एम्पायर स्टेट दिसते. फोटोसाठी तिथे झुंबड असते. ग्रुपवर सगळ्यांनी एकमुखानं "ब्रुकलिन ब्रिज!" लिहिलं. तो मॅनहॅटन ब्रिज आहे. तिथे उभे असलेल्यांतल्या निम्म्या लोकांनाही ते माहीत नसावं, अशी मला शंका आहे.

ब्रुकलिन ब्रिज २४ मे १८८३ रोजी खुला झाला. त्याच जूनमध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. म्हणजे त्यांनी तो पाहिला असेल तर कोराकरकरीत. स्वातंत्र्यदेवी मात्र तेव्हा नव्हती. तिचं अनावरण १८८६ च्या ऑक्टोबरमधलं. हे मी आईला बोटीवर सांगितलं तेव्हा ती पुतळ्याकडे बघायचं सोडून पुलाकडे बघत बसली.

आनंदीबाईंमुळेच पुढचा प्रवास विमानाऐवजी रेल्वेनं केला. अ‍ॅमट्रॅकची लेक शोअर लिमिटेड दुपारी न्यूयॉर्कहून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिकागोला पोहोचते, साधारण वीस तास. विमान अडीच-तीन तासांत नेतं, हे आधीच सांगून ठेवतो. पण डावीकडची खिडकी मिळाली तर पहिले दोन-अडीच तास हडसन नदी सोबत असते. वाटेत पकिप्सी स्थानक लागतं. तिथल्या दफनभूमीत आनंदीबाईंच्या अस्थी, अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत पुरलेल्या आहेत. गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबली. आईनं बसल्या जागेवरून हात जोडले. ज्यांना उतरून दर्शन घ्यायचं असेल त्यांनी न्यूयॉर्कहून वेगळा दिवस काढावा. लोकल गाड्या बऱ्याच आहेत, स्थानकापासून टॅक्सी करावी लागते. आसनं आडवी होतात पण पाठ दुखते, आणि शाकाहारी माणसानं डबा सोबत घ्यावा. आमच्या दशम्या ओहायोपर्यंत पुरल्या.

शिकागोत पहिला दिवस वाया घालवला. न्यूयॉर्कच्या सवयीनं नुसते फिरलो, माना वर करून. काहीच ओळखीचं नव्हतं, म्हणून काहीच लक्षात राहीना. ग्रुपवरही तीच गत. जुना जॉन हॅनकॉक टॉवर, ज्याच्या अंगावर खालपासून वरपर्यंत मोठमोठ्या फुल्या आहेत, त्याला उत्तर आलं, "सुतळीनं बांधलाय का?" मरिना सिटीच्या दोन गोल इमारतींना वहिनीनं "मक्याची कणसं" म्हटलं. शिकागोकरही त्यांना कणसंच म्हणतात, पण ओळखलं असं काही म्हणता येईना, डबा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी नदीतून जाणारी वास्तुकलेची बोट घेतली. नव्वद मिनिटं. शिकागोत एकाच गोष्टीवर पैसे टाकायचे असतील तर यावर टाका. हिवाळ्यात बंद असते, शनिवार-रविवारचं आधी आरक्षण करा, सप्टेंबरातही स्वेटर न्या. बोटीवरच्या बाईंनी आधी नदीचंच सांगितलं: शहराची घाण पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात जाऊ नये म्हणून १९०० मध्ये हिचा प्रवाह उलटा फिरवला. मग इमारती. हॅनकॉकच्या फुल्या शोभेच्या नाहीत, वाऱ्याचा जोर त्या झेलतात. तिचा आणि विलिस टॉवरचा अभियंता एकच, फझलूर रहमान खान, जन्म ढाक्याचा. विलिस म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या नऊ नळ्या, वेगवेगळ्या उंचीवर थांबलेल्या. हे ऐकल्यावर ती इमारत मला परत दुबईची वाटली नाही. गगनचुंबी इमारतींची सुरुवात जिच्यापासून धरतात ती दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंगही इथलीच, १८८५ ची. ती १९३१ मध्ये पाडली, ज्या वर्षी तिकडे एम्पायर स्टेट उघडली. आणि न्यूयॉर्कची ती इस्त्रीसारखी फ्लॅटआयर्न? तिचा वास्तुरचनाकार डॅनियल बर्नहॅम, शिकागोचा. आई म्हणाली, "म्हणजे शिकवणी यांची आणि नंबर त्यांचा."

सगळ्यात जास्त हसू आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयावर आलं. आमच्या पिढीला शिकागो हे नावच मुळी विवेकानंदांमुळे ठाऊक. ११ सप्टेंबर १८९३ चं भाषण याच वास्तूत झालं. समोरच्या मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या तुकड्याला त्यांचं नावही दिलंय. दारातल्या दोन ब्राँझच्या सिंहांसकट फोटो टाकला. "लंडन," काका. भाषणाची सुरुवात पाठ असलेल्या काकांनी!

विमानतळावरून शहरात यायला दोन्हीकडे रेल्वे आहे; ओहेअरहून शिकागोची ब्लू लाइन थेट मध्यवर्ती भागात येते. दोन्ही शहरांत बँकेचं कार्ड टेकवलं की फाटक उघडतं. न्यूयॉर्कच्या भुयारी स्थानकांत लिफ्ट नसणं नेहमीचंच, गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर नकाशावरचं चाकाच्या खुर्चीचं चिन्ह बघूनच स्थानक निवडा. शिकागोचं डीप डिश पिझ्झाचं प्रकरण भाजायला पाऊण तास घेतं. भूक लागायच्या आधी सांगून ठेवा, तिघांत एक पुरतो.

शेवटच्या सकाळी सातच्या आधी मिलेनियम पार्कात गेलो, क्लाउड गेट हे चकचकीत शिल्प बघायला. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं हे काम, १६८ पोलादी पत्रे असे जोडलेत की सांधा सापडत नाही. लोक त्याला बीन म्हणतात, आईनं त्याला काजू म्हटलं. ग्रुपवर टाकताना वाटलं, निदान हा तरी कुणी ओळखेल. मावशीचं उत्तर लगेच आलं: "न्यूयॉर्क."

चूक म्हणून मी डबा वाचवला. हॉटेलवर येऊन शोधलं तेव्हा कळलं की कपूरचा एक धाकटा काजू २०२३ पासून न्यूयॉर्कमध्येही आहे, ट्रायबेकात लेनर्ड स्ट्रीटवर, एका उंच इमारतीखाली चेपल्यासारखा. ब्रुकलिन ब्रिजवरून उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाललो असतो तर दिसला असता. मावशीचा डबा पोस्टानं पाठवलाय.