उघड्या खडीचे अंगण आणि मराठवाड्याचे ऊन
पोहण्याच्या तलावाभोवती किंवा अंगणात उघड्या खडीचे काँक्रीट (ज्यात खडी किंवा गोटे पृष्ठभागावर दिसतात) करताना काळ्या बेसाल्टऐवजी फिकट, गुळगुळीत गोटे निवडावेत, असे माझे ठाम मत आहे. मे महिन्यात मराठवाड्यात पारा 40 अंशांपुढे गेला की काळ्या पृष्ठभागावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. काँक्रीट पुरते घट्ट होण्याआधी वरचा सिमेंटचा थर पाण्याने व ब्रशने धुऊन काढतात, मात्र तो जास्त धुतल्यास गोटे निखळतात. खाली फुगणारी-आकसणारी काळी माती असल्यास मुरमाचा भराव दाबून घ्यावा आणि काँक्रीटमध्ये सांधे सोडावेत. बोअरच्या जड पाण्याने प्रत्येक गोट्याभोवती पांढरी कड धरते. ती घालवायला ॲसिड ओतणे मला मुळीच पटत नाही, कारण त्याने गोटे धरून ठेवणारे सिमेंटच झिजते. नेहमीच्या देखभालीला सौम्य साबण, ब्रश आणि काही वर्षांनी न घसरणारा सीलर, म्हणजे वरून लावायचा संरक्षक लेप, पुरतो.