सोयाबीनची उगवण आणि काय-स्क्वेअर: तिसरी नोंद

काठीने बडवून काढलेल्या आणि मळणी यंत्रातून काढलेल्या सोयाबीनच्या उगवणीत फरक आहे, असे मी मागील नोंदीत लिहिले होते. तो निष्कर्ष आज मागे घेतो. प्रत्येकी 50 दाण्यांपैकी अनुक्रमे 41 आणि 34 उगवले होते, पण तक्त्यात मी 82 आणि 68 ही टक्केवारी मांडली आणि काय-स्क्वेअर (दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणाऱ्या कसोटीचे मूल्य) 5.23 आला. ही कसोटी प्रत्यक्ष मोजलेल्या संख्यांवरच चालते. खऱ्या आकड्यांवर मूल्य निम्मे, म्हणजे 2.61 भरते आणि पाच टक्के पातळीची (खरा फरक नसताना केवळ योगायोगाने शंभरात सुमारे पाच वेळाच ओलांडली जाणारी) 3.841 ही मर्यादा ओलांडत नाही. ही मर्यादा एका डिग्री ऑफ फ्रीडमची (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या एकाच संख्येची) आहे, कारण दोन गट आणि उगवलेले-न उगवलेले अशा चार चौकटींच्या तक्त्यात बेरजा ठरलेल्या असताना एक चौकट भरली की उरलेल्या तीन आपोआप भरतात. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी 1900 साली कसोटी मांडली, तरी ही गोष्ट रोनाल्ड फिशर यांनी 1922 साली स्पष्ट केली.

या खेपेला औसा तालुक्यातील आमच्या घरच्या बियाण्याचे प्रत्येकी 100 दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडले आणि गुंडाळी सावलीत ठेवली. आठव्या दिवशी बडवलेल्यांपैकी 81 आणि यंत्रातल्यांपैकी 68 उगवलेले मिळाले. मळणीच्या पद्धतीचा उगवणीशी संबंध नाही असे धरल्यास दोन्ही गटांत 74.5 उगवलेले आणि 25.5 न उगवलेले अपेक्षित ठरतात. चारही चौकटींत फरक 6.5 चाच असून काय-स्क्वेअर 4.45 येतो. मात्र येट्स यांची 1934 सालची, लहान संख्यांसाठीची दुरुस्ती लावून प्रत्येक फरकातून अर्धा वजा केला, तर तो 3.79 वर, म्हणजे मर्यादेच्या खाली उतरतो. सर्व अपेक्षित संख्या 5 पेक्षा बऱ्याच मोठ्या असल्याने दुरुस्ती येथे गरजेपेक्षा कडक आहे, असे माझे मत आहे. परंतु ते आकडे पाहिल्यानंतर बनले, म्हणून त्याच्या आधारे निकाल देणे मला योग्य वाटत नाही.

याहून मोठी शंका गुंडाळी उलगडताना आली. यंत्रातल्या गटात एका कोपऱ्यातले नऊ दाणे एकाच पांढऱ्या बुरशीच्या जाळ्यात मऊ पडले होते. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि मळणीत तडकलेला दाणा लवकर कुजतो हे खरे, पण शेजारचे आठ तडकल्यामुळे गेले की बुरशी पसरल्यामुळे, हे तक्ता सांगू शकत नाही. प्रत्येक दाण्याचा निकाल इतरांपासून स्वतंत्र आहे, हे कसोटीचे गृहीतकच तेथे ढासळते.

पुढच्या खेपेस प्रत्येक गटाचे 200 दाणे, 25-25 च्या आठ वेगळ्या गुंडाळ्यांत आणि दाण्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून मांडणार आहे. दुरुस्ती लावायची नाही, हे आजच वहीत तारखेसह लिहून ठेवले आहे.