खमस, एक डाग आणि भाद्रपदातली गौर

पाटाच्या पाण्याच्या पाळीविषयीचे जे जुने मोडी पत्र मागच्या दोन्ही नोंदींत अर्धवट सोडावे लागले होते, त्याचे वर्ष अखेर लागले आहे. ते ज्या वाटेने लागले ती वाट आपल्यापैकी अनेकांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून मोडी अक्षराच्या बिवलकरी वळणाविषयी लिहायचे ठरवले होते ते बाजूला ठेवून आज या एका पत्राविषयीच लिहितो.

अडचण पुन्हा थोडक्यात मांडतो. पत्राच्या अखेरीस ‘छ ४ रजब’, म्हणजे रजब या मुसलमानी महिन्याची चौथी तारीख, स्वच्छ वाचता येते. त्यापुढे ‘सु॥ खमस’ (सु॥ म्हणजे सुहूर सन; त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत), मग पाण्याचा तपकिरी डाग, डागाच्या कडेला ऐकाराची मात्रा आणि ‘न’, आणि शेवटी ‘मया व अलफ’. म्हणजे एकक पाच, शेकडा एक, हजार एक हे निश्चित. दशकाचा शब्द तेवढा डागाखाली गेलेला. शेवटी ‘ऐन’ असल्यामुळे अशरीन, सलासीन आणि समानीन (वीस, तीस, ऐंशी) बाद होतात, पण अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन आणि तिसैन (चाळीस, पन्नास, साठ, सत्तर, नव्वद) हे पाचही शब्द तिथे बसू शकतात. सुहूर सन ११४५, ११५५, ११६५, ११७५ किंवा ११९५. इसवी सनात सांगायचे तर १७४४पासून १७९५पर्यंतचे अर्धे शतक. पत्रात शक नाही, संवत्सराचे नाव नाही, आणि ज्या पाटलाला ते लिहिले त्याचे नाव त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरून आलेले आहे.

डाग भेदण्याचे सगळे उपाय करून झाले. दिव्याचे भिंग या कामी निरुपयोगी आहे असे माझे स्पष्ट मत झाले आहे, कारण त्याचा उजेड वरून सरळ पडतो आणि शाईचा उरलासुरला उठाव त्यात नाहीसा होतो. सकाळी चहा झाला की मी पूर्वेच्या खिडकीपाशी बसतो. त्या वेळी कागदावर तिरके येणारे ऊन कोणत्याही दिव्यापेक्षा चांगले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तर या तासाची गोडी फारच वाढली आहे. मोबाइलवर फोटोचे रंग उलटे करून पाहिले, तेव्हा मजकुरातील दोन फिकट शब्द उघडले, पण डागाने दाद दिली नाही.

उलगडा झाला तो डागापासून बराच वर, सातव्या ओळीच्या शेवटी. तिथे ‘उदईक गौ’ असे आहे आणि ओळ संपते. पत्रात पुढे गुरांच्या चराईचा उल्लेख येत असल्यामुळे आमच्या गुरुवारच्या वाचनात हा ‘गौ’ गाय या अर्थाने लावला जात होता, आणि पुढच्या ओळीच्या आरंभीचे ‘रीचा’ हे एखाद्या नावाचे शेपूट मानले जात होते. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढून घेतो आणि रेघ संपली की शब्द जिथे असेल तिथे तोडतो. त्याची काही खूण करत नाही, आणि शब्दांमध्ये अंतरही सोडत नाही. मला रोज मजकूर मोठ्याने वाचण्याची सवय आहे. परवा दोन्ही ओळी मी न थांबता वाचल्या, तेव्हा शेजारी मेथी निवडत बसलेली पत्नी म्हणाली, “अहो, गौरीचा सण असेल तो. उद्या गौरी यायच्या, म्हणून माणूस पाठवता येत नाही, असं लिहिलंय ना?” पुढची ओळ खरोखरच तशी आहे: ‘उदईक गौरीचा सण, सबब माणूस सणानंतर येईल.’

या एका सणाने पाच वर्षांतले एक निवडता येते. रजबाचा महिना शुद्ध चांद्र वर्षातला. त्या वर्षात अधिक महिना नाही. आपल्या पंचांगात १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात, आणि प्रत्येक अधिक महिन्यागणिक रजब आपल्या महिन्यांच्या तुलनेत एक घर मागे सरकतो. हिशेबाला एक पक्की जोडी हवी; ती मी पानिपताची धरली. १४ जानेवारी १७६१ला पौष शुद्ध अष्टमी होती आणि रजबाच्या आधीचा महिना जमादिलाखर चालू होता, म्हणजे त्या वर्षी रजब माघात आला. तिथून १७७४च्या भाद्रपदापर्यंत साडेतेरा वर्षे, म्हणजे पाच अधिक महिने. माघातून पाच घरे मागे गेले की भाद्रपद. सबैन जुळले. उलट तिसैन धरले तर जवळपास पूर्ण फेरा होऊन रजब पुन्हा माघात जातो, आणि सितैन धरले तर पौषात. माघ-पौषात असा गौरीचा सण नाही.

खमसैन मात्र सहज सोडता येत नव्हते. त्या वर्षी रजब चैत्र-वैशाखाच्या सुमारास येतो, आणि चैत्रगौर आहेच. परंतु ती चैत्र शुद्ध तृतीयेला बसते आणि अक्षय तृतीयेला तिची पाठवणी होते. चंद्रदर्शनापासून महिना मोजत असल्यामुळे छ ४ ही साधारण शुद्ध पंचमी, म्हणजे ‘उदईक’ षष्ठी. दोन्ही तृतीया मागे पडलेल्या. शिवाय दुसऱ्याच ओळीत ‘पाऊस उघडला’ असे आहे, ते चैत्र-वैशाखात कोण लिहील? भाद्रपदातली गौर तिथीवर नव्हे, तर अनुराधा नक्षत्रावर येते, आणि ते नक्षत्र शुद्ध षष्ठी-सप्तमीच्या आसपास पडणे अगदी नेहमीचे.

खरा त्रास अर्बैनने दिला. रजबाचा एक फेरा सुमारे साडेबत्तीस वर्षांत पुरा होतो, आणि ११४५ व ११७५ यांच्यातले अंतर तीस वर्षांचे, त्यामुळे दोन्ही वर्षी रजब जवळपास एकाच जागी येतो. हातच्या गणिताने १७४४चा रजब श्रावणात जातो, पण अधिक महिना नेमका कुठे पडला हे ठाऊक नसताना या गणितात एका महिन्याची ढील राहतेच. म्हणून ग्रंथालयात जाऊन जंत्री, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांतल्या तारखांचा मेळ देणारे पुस्तक, पाहिली. १७४४मध्ये रजब श्रावणातच होता आणि गौरी त्यापुढच्या साबान महिन्यात आल्या होत्या. १७७४मध्ये रजब भाद्रपदात. पत्र सप्टेंबर १७७४च्या दुसऱ्या आठवड्यातले आहे, याविषयी आता मला शंका नाही. नारायणरावांच्या खुनाला वर्ष उलटलेले, सवाई माधवराव पाच महिन्यांचे, बारभाईंचा कारभार चालू. आणि या पत्रात पाटाची पाळी, चराई आणि गौर. मला हे पत्र यामुळेच फार प्रिय झाले आहे.

त्या आनंदात संपूर्ण पत्र बोरूने उतरवून काढले. नामांकित दुकानातून मागवलेल्या बोरूंची टोके पहिल्याच पानावर फाकली. आपण स्वतः तासून तिरका छेद दिलेला बोरू हाच खरा, हे मत मी पुन्हा नोंदवतो. या वेळी रेघ एका दमात पानभर सरळ आली आणि अक्षरे तिच्याखाली मनासारखी उतरली. नव्याने शिकणाऱ्यांना आग्रहाने सांगतो की छापील तक्त्यांवर आणि संगणकावरील मोडी टंकांवर फार विसंबू नये. २०१४मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ही मोठी गोष्ट आहे, पण टंकातला ‘र’ सुटासुटा आणि शहाणा असतो, तर कागदावरचा ‘र’ शेजारच्या अक्षराला लागला की दोघांचेही रूप पालटते. ते हाताने लिहूनच कळते.

पुढे खरे तर बिवलकरी वळणाची पत्रे घ्यायची होती. परंतु हे लिहिता लिहिता ध्यानात आले की, वर्ष न लागल्यामुळे बाजूला ठेवलेल्या पुडक्यात एका कागदावर दसऱ्याचा आणि दुसऱ्यावर संक्रांतीचा उल्लेख आहे. संक्रांत तर सूर्यावर चालते. तिच्या दिवशीचा छ वाचता आला, तर महिनाच काय, तिथीही पडताळता येईल, आणि तीस वर्षांच्या अंतराचा जो घोळ अर्बैनने घातला तो तिथे राहणारच नाही. तेव्हा बिवलकरी पावसाळ्यानंतर. आधी ते पुडके. सुहूर ११०१ ते १२०० या शंभर वर्षांत भाद्रपद शुद्धात कोणता मुसलमानी महिना येत होता, याचा एक तक्ताही जंत्रीवरून करायला घेतला आहे. संक्रांतीच्या कागदावर छच्या पुढे महिन्याचे केवळ ‘जि॥’ एवढेच आहे. तो जिल्काद की जिल्हेज, हे कोणत्या दफ्तरात कसे लिहीत, याचे नमुने कोणाकडे असतील तर कृपया कळवावे.