फायरफिश बाहेर का येत नव्हता: माझा अनुभव

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये नवा मासा सोडला आणि तो दिसेनासा झाला की मनात पहिल्यांदा पाल चुकचुकते ती "गेला बहुतेक" अशी. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी फायरफिश आला तेव्हा तो पिशवीतून निघाला तो थेट लाइव्ह रॉकच्या, म्हणजे सूक्ष्मजीव वसलेल्या समुद्री दगडांच्या, कपारीत शिरला. दुकानदारांनी आधीच बजावलं होतं, "ताई, चार-पाच दिवस दिसला नाही तरी दगड उचकटू नका." तो सल्ला मी तंतोतंत पाळला. नव्या माशाला कशीबशी सापडलेली जागाच आपण मोडली, तर तो आणखी बुजतो.

फायरफिश मुळात बिळाचा मासा. पूर्व आफ्रिकेपासून हवाईपर्यंतच्या समुद्रात, प्रवाळांच्या कडेला, बिळाच्या जरा वर प्रवाहाकडे तोंड करून तो तरंगत राहतो आणि वाहत येणारं प्लवक टिपतो. जरा सावली पडली की क्षणात आत. वाढून वाढून जेमतेम 8-9 सेंटिमीटरचा जीव, तो आणखी काय करणार? लपणं ही त्याची रीतच आहे. मला काळजी होती ती वेगळीच. दिवस उलटत होते तरी तो खायलासुद्धा बाहेर येत नव्हता.

आधी पाणी तपासलं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, विशिष्ट घनता (यावरून खारटपणा कळतो) 1.025, तापमान 26 अंश. सगळं ठीक. मग दिवे मालवल्यावर टॉर्चला लाल जिलेटिन पेपर गुंडाळून पाहिलं, कारण लाल उजेड बऱ्याच समुद्री माशांना फारसा जाणवत नाही. कपारीत तो दिसला. कल्ले संथपणे हलत होते, अंगावर आजाराचे पांढरे ठिपके नव्हते. पण पाठीवरचा तो लांब, तुऱ्यासारखा पंख टोकाला कुरतडल्यासारखा दिसत होता.

उलगडा केला सासूबाईंनी. दुपारी त्या टँकसमोरच वाती वळत बसतात. म्हणाल्या, "अगं, तो रेघारेघांचा मासा याला डोकं बाहेर काढू देत नाही." म्हणजे टँकमधला आधीपासूनचा सिक्स-लाइन रास! मी ऑफिसातून येऊन टँकपुढे उभी राहायचे तेव्हा हा पठ्ठ्या खाण्याच्या आशेने काचेशी घुटमळत असायचा, त्यामुळे त्याचे उद्योग मला दिसलेच नव्हते. हा मासा दिसायला देखणा, पण एकदा टँकमध्ये रुळला की मागाहून आलेल्या लाजऱ्या माशांना छळतो, हे अनेक पाळणारे सांगतात.

रासला भोकांच्या ॲक्रिलिक बॉक्समध्ये टँकमध्येच अडकवून ठेवलं. बोहरी आळीतून एक इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो आणले, नीट धुतले आणि दगडांच्या दुसऱ्या बाजूला वाळूत अर्धे पुरले. लपायला जागा वाढली की मासा कमी दिसेल असं वाटतं, पण घडतं उलटंच. पळून जायला जवळ दार आहे याची खात्री पटली की तो मोकळ्यावर थांबतो. टँकच्या मागच्या आणि एका बाजूच्या काचेला काळा कागद लावला. दिवे एकदम न लावता हळूहळू वाढवायला लागले. ते श्रावणाचे दिवस होते, संध्याकाळी ढोलपथकाचा सराव ऐकू यायचा. माशांना अंगावरच्या पार्श्वरेषेतून पाण्यातली कंपनं कळतात, म्हणून तेवढा वेळ खाणं द्यायचं टाळलं. गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) पाण्यात वितळवून पिपेटने थेट पाइपच्या तोंडाशी सोडायचे, तेही पंप बंद करून.

आधी नुसतं डोकं दिसलं. मग एका सकाळी तो पाइपपासून वीतभर वर तरंगत होता, पंखाचा तुरा टकटक हलवत, आणि प्रत्येक कण झेपावून घेत होता. सासूबाईंनी मला हाक मारली तीही कुजबुजत!

रासला बॉक्समधून सोडलं तर पहिल्याच तासात पुन्हा पाठलाग सुरू. मग मी ताटकळत बसले नाही, मैत्रिणीच्या मोठ्या टँकमध्ये त्याची रवानगी केली. तिथे त्याच्या तोडीचे मासे आहेत. बुजऱ्या माशाला "सवय होईल" म्हणून अशा सोबतीत ठेवणं मला क्रूर वाटतं.

श्वास जोरजोरात चालत असेल, अंग दगडावर घासत असेल किंवा मासा पृष्ठभागाशी तोंड वासून असेल, तर मात्र थांबू नका, तो आजार किंवा पाण्याचा दोष असू शकतो. आणि फायरफिश घेणार असाल तर टँकवर बारीक जाळीचं झाकण आधी करून घ्या. दचकला की तो सरळ वर उडी मारतो, आणि छोट्याशा फटीतूनही बाहेर पडतो.