कथासंग्रह सुटा झाला, आता शिलाई : आवडत्या पुस्तकांच्या डागडुजीची नोंद

तर कथासंग्रहाच्या डागडुजीचं काम बरंच पुढे सरकलंय. मी स्वतः कथा लिहिते, आणि ज्या पुस्तकांनी लिहायला शिकवलं तीच आधी दुरुस्त करायची असं ठरवलं होतं, त्यातलं हे सगळ्यात लाडकं, वाचून वाचून पार खिळखिळं झालेलं.

कण्यावरचा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा, जुना सरस सुरीने खरवडत बसू नका, कागद फाटतो. मी त्यावर घट्ट खळीचा जाड थर दिला, पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवला, मग सरस मऊ पडून लाकडी पट्टीने अलगद निघत गेला. पण हे शिवलेल्या पुस्तकाचं झालं हां, हल्लीच्या नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या पुस्तकांना फॉर्मच (एकत्र दुमडून मधोमध शिवलेल्या पानांचे जुडगे) नसतात, प्रत्येक पान सुटं, त्यांचं तंत्र वेगळं.

फॉर्म सुटे झाल्यावर खरी मजा आली. मोठा कागद तीनदा दुमडला की ८ पानं म्हणजे १६ पृष्ठं होतात, त्यामुळे दोरा दिसतो तो ८-९, २४-२५, ४०-४१ अशा पृष्ठांच्या मध्ये. माझ्या सगळ्यात आवडत्या कथेचा शेवट नेमका ४८ वर संपतो, म्हणजे फॉर्मही तिथेच संपतो, आणि ते शेवटचं पान बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त झिजलंय. ती कथा संपवून मी दर वेळी तिथेच थांबत असणार, पुढची लगेच सुरू करवतच नाही. लेखिका म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं, चांगल्या शेवटानंतर वाचणाऱ्याला थोडी मोकळी जागा हवी असते, आणि माझ्या संग्रहात कथांचा क्रम लावताना मी याचा विचार कधी केला नव्हता, आता करतेय.

झिजलेल्या घड्यांना पातळ जपानी टिश्यू लावला, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. खळच का, तर पाण्याने ती पुन्हा सोडवता येते, पांढरा सिंथेटिक गोंद वाळला की तसा सुटत नाही. टिश्यूची पट्टी कात्रीने न कापता ओल्या ब्रशने रेघ मारून फाडायची, कडेला तंतू सुटतात आणि जोड हाताला लागत नाही. पानं पिवळी आहेत ती तशीच राहणार, लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उजेड-हवेने पिवळं पडतं त्याला इलाज नाही, आणि मला ती आवडतातही.

समासातल्या पेन्सिलच्या खुणा पुसायच्या का यावर खूप विचार केला. नाही पुसल्या. विशीत ज्या वाक्यांखाली रेघ ओढलीय ती आज मला जरा भडक वाटतात, ज्या साध्या वाक्यांपाशी आता थबकते तिथे एकही खूण नाही. दोन्ही वाचनं एकाच पुस्तकात राहू देत ना!

आता जुजबंदी, म्हणजे फॉर्म पुन्हा एकत्र शिवणं. लिननचा दोरा मेणावरून ओढून ठेवलाय, भोकं जुनीच वापरणार. पुठ्ठा कापताना कागदाच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर आहे ना एवढं नक्की बघा, ओल्या खळीने तंतू आडवे फुगतात आणि दिशा चुकली की पुठ्ठा वाकडा होतो.

यानंतर शब्दकोश घेणारेय. तो जाडजूड आहे, कणा गोल करावा लागेल, तर गोल कण्याला बळकटीसाठी मलमलीच्या कापडाचे किती थर लावता आणि बाजूला किती सोडता ते कुणी केलं असेल तर सांगा.