फाशांनी निवडलेला पासवर्ड

वडोदऱ्यातील मराठी घरांत पासवर्ड ठरवताना आडनाव, कुलदैवत किंवा सयाजीराव महाराज गादीवर आले ते १८७५ साल हमखास आठवते आणि एखाद्या अक्षराच्या जागी @ बसवले की तो सुरक्षित झाला असे मानले जाते. पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रामांना मात्र असे बदल आधीच ठाऊक असतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्ये चिन्हांची सक्ती आणि मुदतीने पासवर्ड बदलण्याची अट सोडून लांबीवर भर दिला. आपल्याकडील अनेक संकेतस्थळे अजून जुन्याच वळणावर आहेत, हे खेदजनक आहे.

मला पटलेली पद्धत म्हणजे आर्नल्ड राइनहोल्ड यांची १९९५ची ‘डाइसवेअर’. पाच वेळा फासा टाकून मिळणारा पाच आकडी क्रमांक ७,७७६ शब्दांच्या यादीतील एक शब्द दाखवतो आणि असे सहा शब्द घेतल्यास होणाऱ्या शक्यता २ वर २३ शून्ये या संख्येहूनही अधिक भरतात. यादी गुप्त असण्याची गरज नसते, कारण बळ शब्दांत नसून फाशाच्या अनियमिततेत असते. म्हणूनच न आवडलेला शब्द बदलण्याचा मोह टाळावा. मराठी-गुजराती शब्द रोमन लिपीत लिहून स्वतःची यादीही करता येते, मात्र ती हजारो शब्दांची हवी. ‘मांडवी, उंट, चाळणी, पगडी, विहीर, लोणचे’ असे काही निघाले, तर त्यांची एक वेडगळ गोष्ट रचावी. ती सहजासहजी विसरली जात नाही. (हेच सहा शब्द अर्थातच कोणी वापरू नयेत.) ई-मेल आणि पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड तयार करून जपून ठेवणारा प्रोग्राम) यांपुरतेच असे पाठांतर करावे, बाकीचे पासवर्ड त्या मॅनेजरलाच तयार करू द्यावेत.